अर्धं चाक पुढे

शिट्टीबाईंना माणसं फारशी आवडत नसत, आणि नवशिकी माणसं तर मुळीच नाही. तरी दर वर्षी सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी त्या शाळेच्या मागच्या पटांगणावर गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या राहत आणि जन्मात सायकलवर भाजी आणायलासुद्धा न गेलेल्या लोकांना लांबचा पल्ला शिकवत. सगळी नोकरी त्यांनी त्याच शाळेत खेळाच्या बाई म्हणून केली होती. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते त्यांनी शेजारणीला देऊन टाकलं आणि शिट्टी मात्र घरी आणली. शिट्टी खरं तर शाळेची. पण ती परत मागण्याची छाती कुणाला झाली नाही.

फेरी होती त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाची. भाऊ गेला तोच सायकलवर. पलीकडच्या गावाच्या रस्त्याला, तलाव संपून वळण लागतं तिथे, त्याच्या छातीत कळ आली. कडेच्या दगडावर टेकला तो परत उठला नाही. रुग्णवाहिका आली, पण सगळं आटोपल्यावर. तेव्हापासून दर वर्षी त्याच रस्त्याने, ते वळण घेऊन पुढच्या गावापर्यंत सायकली निघतात आणि जमलेल्या देणग्यांतून त्या रस्त्यावर एक रुग्णवाहिका कायम उभी ठेवली जाते. काम चांगलं आहे, यात वाद नाही. पण चांगल्या कामाला येणाऱ्या माणसाला सायकल चालवता येतेच असं थोडंच आहे?

या वर्षीची तुकडी पाहून तर बाईंना वाटलं, भाऊ गेला तो सुटला. पुढे होता दातांचा डॉक्टर. त्याची सायकल इतकी हलकी की तो ती एका हाताने उचलून सगळ्यांना दाखवायचा. चालवून दाखव म्हटलं की मात्र चढाच्या आधीच त्याला पाणी प्यायचं असायचं. त्याच्यामागे एक नवरा-बायको, दोघांचे सदरे एकाच रंगाचे, टोप्या एकाच रंगाच्या, आणि दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम की एकाची साखळी पडली की दुसरा थेट रस्त्याच्या मधोमध थांबायचा. "प्रेम घरी करा," शिट्टीबाई ओरडायच्या, "इथे मागून ट्रक येतो!" बाकीचे तर सांगण्याच्याही लायकीचे नव्हते. सगळ्यांना सामानाची हौस दांडगी. घाम येण्याआधीच घाम पुसायचे रुमाल तयार.

डॉक्टर एका सकाळी बदकासारखा चालत आला. सायकलवर बसताना त्याने ओठ चावला. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टर, गादीच्या चड्डीच्या आत काय घातलंय?"

आत गादी शिवलेली सायकलची चड्डी त्याने महागातली घेतली होती. तो कावराबावरा झाला. "आत? म्हणजे... नेहमीचंच."

"ते काढायचं असतं. गादी कातडीला लागायला हवी, शिवण नाही. दातात कापूस भरताना मध्ये कागद ठेवता का?"

सगळे हसले. नवरा-बायको जरा कमी हसले, कारण त्या दोघांनीही आत तेच घातलं होतं. अशा माणसांना घेऊन बाईंना लांबच्या गावाला पोचायचं होतं.

नियम मोजकेच होते, पण शिट्टीबाईंचे होते, म्हणजे देवाचेच. एका रेषेत चालायचं, चाकामागे चाक. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने हात दाखवून ओरडायचं आणि ती हाक मागे पोचवत न्यायची. सगळ्यात शेवटी चालणारा म्हणजे शेपूट. कुणी थांबलं तर शेपटाने त्याच्याजवळ थांबायचं. आणि पुढे बाई असताना त्यांच्या बरोबरीने येऊन कुणी अर्धं चाकसुद्धा पुढे काढायचं नाही. या शेवटच्या चुकीची त्यांना भयंकर चीड. शेजारच्याने अर्धं चाक पुढे काढलं की आपण नकळत वेग वाढवतो, तो आणखी वाढवतो, आणि शेवटी दोघंही धापा टाकत बसतात. ते सोडाच, तो सरळसरळ उद्धटपणा. फेरीच्या आधी तलावाच्या रस्त्याने जाऊन वळणाच्या अलीकडूनच परत यायची चाचणी असायची. चाचणीत ज्याने वाटेत पाय टेकला, त्याने फेरीच्या दिवशी गाडीत बसून केळी वाटायची. त्यावर दाद ना फिर्याद.

आणि अशा तुकडीत एक दिवस त्यांची भावजय आली.

भावजयीबद्दल शिट्टीबाईंचं मत काय होतं ते सगळ्या नात्यागोत्याला पाठ होतं. ती पडदे शिवायची. घरभर कापड, दोरे, कड्या आणि पायात टोचणाऱ्या टाचण्या. नवरा पहाटे सायकल काढायचा तेव्हा ही कूस बदलून झोपायची. तो शर्यतीहून आला की हिचं पहिलं वाक्य, "बूट बाहेर." भाऊ गेल्यावर तिने त्याची सायकल गच्चीत उभी केली आणि तिच्या मुठींवर ओले पडदे वाळत घातले. गाढवाला गुळाची चव काय! हे शिट्टीबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्या दिवसापासून त्या घरात पाणीही प्यायल्या नव्हत्या. फेरीला तर ती कधी गाडीतूनही आली नव्हती.

आता ती तीच सायकल घेऊन उभी होती. सायकल तिला उंच होत होती. बसायच्या जागेवर तिने पडद्याच्या उरलेल्या कापडाची फुलाफुलांची खोळ शिवून चढवली होती.

"तू?" शिट्टीबाई म्हणाल्या. "तुला येते सायकल?"

"शिकले."

"कुणी शिकवली?"

"पडलं की येते, वन्सं."

तिच्या कोपरांवरून ते खरं दिसत होतं. बाईंनी आवाज खाली आणला, म्हणजे फक्त पहिल्या दोन रांगांनाच ऐकू जाईल इतका. "हे बघ, घरची सगळी माणसं गाडीतून येतात. तूही ये. खुर्ची देऊ, हार देऊ. हा सोस कशाला?"

"ते वळण मी अजून पाहिलेलं नाही," भावजय म्हणाली. "इतकी वर्षं धीरच झाला नाही. आता पाहायचंय, तर हे गेले तसंच जाऊन पाहायचंय. यांच्याच सायकलवरून."

"चाचणीत पाय टेकलास तर केळी वाटशील."

"वाटीन ना. पण नाही टेकणार."

शिट्टीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जिने भावाला एकदाही दारापर्यंत सोडलं नाही, तिला आता त्याच्या वाटेने जायचं होतं! त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, ही पाय टेकणार. हिने पाय टेकलाच पाहिजे. त्या वळणावर सायकलवरून जायचा हक्क त्यांचा होता, त्यांच्या घामाचा. पडदे वाळत घालणारीचा नव्हे.

दुर्दैव असं की भावजय सुधारत गेली. डॉक्टर अजून पाणीच पीत होता, नवरा-बायको अजून एकमेकांची वाट बघत होते, आणि ही बया गुपचूप चढ चढून वर जाऊन उभी. बोलणं नाही, तक्रार नाही, चड्डीच्या आतही काही चुकीचं नसावं. एक खोड मात्र अशी की शिट्टीबाईंना शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखायला लागले. तलावाचा उघडा रस्ता लागला की ही रेषा सोडायची, वल्हवल्यासारखी पुढे यायची आणि बाईंच्या उजव्या हाताला, गाड्यांच्या बाजूला, अर्धं चाक पुढे काढून चालायची.

"रेषेत चालव!"

"हो वन्सं," म्हणायची आणि तिथेच.

बरं, एक बाजू तरी धरावी! जाताना उजवीकडे, तर येताना डावीकडे. डावं-उजवं कळत नाही अशा बाईने कापड सरळ कसं कापलं असेल याचंच बाईंना नवल वाटायचं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आणि गंमत म्हणजे भावालाही हीच खोड होती. भाऊ बाकी गुणाचा, पण त्यालाही रेषेत चालणं म्हणून कधी जमलं नाही. तरुणपणी दोघं भावंडं याच रस्त्याने दर आठवड्याला जायची, आणि तो बाजूला, अर्धं चाक पुढे. "मोठ्या बहिणीच्या पुढे जाऊन मोठा होणार आहेस का?" असं त्या त्याला किती वेळा बोलल्या असतील त्याला गणतीच नाही. तो हसायचा. गेला त्या दिवशी मात्र त्या बरोबर नव्हत्या. सर्दी झाली म्हणून घरी राहिल्या होत्या.

एक गोष्ट मात्र होती, यंदा बाईंची तब्येत झकास होती. इतकी वर्षं फेरीला तलावावर जरा धाप लागायची, गुडघा कुरकुर करायचा. यंदा काही नाही. "या वयात," त्या नवशिक्यांना सांगायच्या, "तलावाचा रस्ता मी गाणं म्हणत पार करते. तुम्ही तिशी-चाळिशीतले, आणि बघा स्वतःकडे." नवशिके बघायचे आणि खाली मान घालायचे.

चाचणीच्या दिवशी वारा नेहमीपेक्षा जास्त होता. तलावाचा रस्ता लागला, भावजय सवयीप्रमाणे रेषा सोडून पुढे यायला लागली आणि बाईंनी जोरात शिट्टी मारली. "तू शेपटाला जा! अगदी शेवटी. आज पुढे दिसलीस तर इथेच नापास."

"वन्सं, आज वारा..."

"वारा मला शिकवू नकोस. मागे!"

ती मागे गेली. शिट्टीबाईंनी मान ताठ केली, भावजयीची ब्याद गेली म्हणून एक मोठा श्वास घेतला, आणि तो श्वास घेतला तेवढाच. तलावावरून आलेला वारा उजव्या कुशीत असा घुसला की पुढचं चाक वाकडं झालं. त्यांनी जोर लावला. वारा जास्त जोराचा होता. पायांत शिसं भरल्यासारखं झालं, कान वाजायला लागला, गुडघ्याने आपली जुनी कुरकुर काढली. रस्ता तोच, सायकल तीच, आणि बाईंना कळेना की आपल्याला झालंय तरी काय. गाणं तर सोडाच, तोंडातून शिट्टीही निघेना. तलावाचा कठडा अजून अर्धाही संपला नव्हता तेव्हा त्यांनी रस्त्याच्या कडेला पाय टेकला.

"साखळी बघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे."

साखळीला काही झालं नव्हतं हे दातांच्या डॉक्टरलाही दिसत होतं. तो काळजीने थांबायला लागला. "बाई, नाडी बघू का?"

"माझे दात ठीक आहेत. पुढे व्हा!"

एक-एक करून ज्यांना त्या माणसात धरत नव्हत्या ते सगळे त्यांच्या शेजारून निघून गेले. नवरा-बायकोने तर जाताना हात दाखवून "खड्डा!" अशी हाकही दिली, शिकवल्याप्रमाणे. शेवटी आली भावजय, आणि ती थांबली.

शिट्टीबाईंना इतका वेळ श्वास मिळत नव्हता, पण रागवायला मिळाला. "पाय टेकलास! नापास!"

"मी शेपूट आहे. कुणी थांबलं तर शेपटाने थांबायचं. नियम तुमचाच."

"तू मुद्दाम केलंस. इतके दिवस माझ्या बाजूला घुटमळत राहिलीस, माझी लय बिघडवलीस, म्हणून आज हे झालं."

आणि मग इतकी वर्षं "हो वन्सं" म्हणणारी ती बाई भडकली. "तुमची लय? वन्सं, वारा या बाजूने येतो, म्हणून मी या बाजूला चालते. येताना त्या बाजूने येतो, म्हणून त्या बाजूला. समोरून वारा असला तर मागे लपायचं, बाजूने असला तर बाजूला. हे मला ठाऊक आहे आणि तुम्हाला नाही?"

ठाऊक होतं. दर वर्षी त्या फळ्यावर काढून शिकवायच्या. पण ते दुबळ्यांसाठी असतं, अशी त्यांची समजूत होती.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना उत्तर नको झालं.

"कोण सांगणार? हे रोज जेवताना सांगायचे. ताटाशेजारी दोन वाट्या ठेवायचे. ही ताई, हा मी, आणि चमचा म्हणजे वारा. मला त्या सायकलचा वीट आला होता, पण कान काय शिवून घेता येतात? म्हणायचे, ताईला बाजूचा वारा सोसत नाही. लहानपणापासून नाही. मी अर्धं चाक पुढे राहिलो की बरोबर तिच्यावर आडोसा पडतो. ती मला शिव्या देते, देऊ दे. पण तिला कधी सांगू नकोस, कळलं तर ती सायकल सोडेल."

तलावावर वारा सूं-सूं करत होता.

"आणि मी हे तुमच्या प्रेमापोटी केलं असं समजू नका," भावजय म्हणाली. "तुम्ही अर्ध्या वाटेत बसलात तर फेरीच बसेल, आणि मला ते वळण दिसणार नाही, म्हणून केलं. हे तुम्हाला भ्यायचे. मी नाही भीत. तुकडी परतली की उठा. या बाजूला या."

दुसरा इलाज नव्हता. तुकडी परत फिरेपर्यंत त्या कडेला बसल्या आणि मग सायकलवर चढल्या. आता वारा डावीकडून होता. भावजय डावीकडे आली, अर्धं चाक पुढे काढलं, आणि खिडकी लावून घ्यावी तसा वारा बंद झाला. गुडघा गप्प झाला. पाय आपोआप फिरायला लागले. शिट्टीबाई पूर्ण वाटभर त्या अर्ध्या चाकाकडे बघत होत्या. सायकल भावाचीच होती. चाकही तेच. त्याला आपण काय काय बोललो ते सगळं त्यांना शब्दान् शब्द आठवलं, आणि तो का हसायचा तेही कळलं. त्यांना रडू आलं. आपल्याला रडू आलं याचा राग आला. आणि रडताना सायकल सरळ जात नाही हा नियम त्यांनीच नवशिक्यांना शिकवला होता, म्हणून त्यांनी नाक ओढलं आणि रस्त्याकडे पाहिलं.

पटांगणावर सगळे निकालाची वाट बघत उभे होते. डॉक्टरला आपण नापास अशी खात्री होती. बाकीचे भावजयीकडे बघत होते, कारण ती शेवटी आली होती.

"पाय एकाच माणसाने टेकला," शिट्टीबाई म्हणाल्या. "तो मी. केळी मी वाटणार. बाकी सगळे पास, आणि का पास झालात ते मला कळलेलं नाही."

कुणीतरी "अहो, पण बाई..." म्हणायला लागलं. त्यांनी शिट्टी मारली. एवढं एक त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. बाई उर्मट होत्या, आंधळ्या होत्या, आपल्या डोळ्यातलं मुसळ त्यांना जन्मभर दिसलं नाही. पण दुसऱ्याला लावायची पट्टी त्यांनी स्वतःसाठी बदलली नाही.

फेरीच्या दिवशी त्या केळ्यांच्या गाडीत बसल्या. मांडीवर केळ्यांचा घड, पायाशी पाण्याच्या बाटल्या, शेजारी गाडीवाला. त्याचंही गाडी चालवणं त्यांना पसंत नव्हतं. गाडीने सगळ्यांच्या मागे राहायचं हा नियम, त्यामुळे काचेतून त्यांना सगळ्या तुकडीच्या पाठी दिसत होत्या. डॉक्टर मात्र त्या दिवशी पुढे होता, आणि बराच वेळ त्याला तहान लागली नव्हती. हे बघून बाईंना उगाच वाईट वाटलं.

तलाव लागला आणि वारा सुटला. रेष होती तशीच राहिली, आणि भावजय तिच्यातून बाहेर आली. सवयीने उजवीकडे आली, आणि तिच्या डाव्या हाताला, अर्धं चाक मागे, एका सायकलपुरती जागा मोकळी राहिली. ती जागा कुणाची ते गाडीतल्या बाईंना सांगायची गरज नव्हती. सगळा वारा ती एकटी खात होती, आणि आडोशाला कोणीच नव्हतं. हळूहळू रेष पुढे गेली. ती मागे पडली. खांदे डुलायला लागले, उंच सायकल डगमगायला लागली. वळण समोर दिसत होतं.

"त्या बाई टेकणार बघा आता पाय," गाडीवाला म्हणाला. "थांबवू का? आत घेऊ त्यांना."

हा पाय टेकलेला बघायची शिट्टीबाईंची केवढी इच्छा होती! "हात लावशील तर बघ," त्या म्हणाल्या. "तिच्या उजव्या बाजूला घे गाडी."

"मागे राहायचं ना? तुमचाच नियम आहे."

"माझा आहे म्हणूनच सांगतेय. घे."

गाडी बाहेरून पुढे आली, तलाव आणि सायकल यांच्या मधे. "अजून थोडी," बाई म्हणाल्या. "अजून. हं. अर्धं चाक पुढे ठेव आणि हलू नकोस."

"वारा गाडी ढकलतोय, बाई."

"ढकलू दे."

भावजयीचे खांदे सरळ झाले. तिने दचकून वर पाहिलं. गाडीच्या खिडकीत केळ्यांच्या घडावर शिट्टीबाईंचं तोंड होतं, नेहमीसारखंच आंबट.

"माझ्याकडे काय बघतेस?" त्या ओरडल्या. "रस्त्याकडे बघ! रेषेत चालव!"

वळणावर कडेचा तो दगड होता. भावजय तिथपर्यंत चालवत गेली, सायकल थांबवली आणि पाय टेकला. शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवली नाही.